मुखदुर्बळ कोण? : स्वभाव, धास्ती आणि परभाषा

नागपूरच्या माणसाला हिंदी कोणी शिकवली, असे कोणी विचारत नाही. बर्डीवर भाव करताना, इतवारीत कापड घेताना, ऑटोवाल्याशी हुज्जत घालताना तो मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून पुन्हा मराठीत असा सहज जातो, की आपण भाषा बदलली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ती हिंदी काशीची नव्हे. तिच्यात लिंगे चुकतात, 'वो आता हूँ करके बोला' अशी मराठीतल्या 'म्हणून'च्या साच्यावर बेतलेली वाक्ये येतात, आणि 'बे' तर पाचवीला पुजलेला. पण कोणी हसत नाही, कारण हसणार कोण? ऐकणाऱ्याची हिंदीही तीच असते.

हाच माणूस इंग्रजीतल्या मुलाखतीला बसला की त्याची दातखीळ बसते. बारा-पंधरा वर्षे शिकलेली भाषा, परीक्षेत गुण मिळवून दिलेली भाषा, ऐन वेळी पाठ फिरवते. आणि तोच माणूस पुण्यात नोकरीला गेला की पहिले काही महिने मराठीसुद्धा जपून बोलतो. 'मी जाऊन राहिलो' हे वाक्य ओठांवर येते आणि परत गिळले जाते.

माणूस एक, स्वभाव एक आणि भाषेगणिक वागणे मात्र निराळे. भाषाशिक्षणातले यश माणसाच्या स्वभावावर किती अवलंबून असते आणि धास्तीवर किती, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांनी गेली साठ-सत्तर वर्षे लावून धरला आहे. त्यांचे निष्कर्ष वाचताना हा नागपूरकर मला वारंवार आठवत राहतो. त्यांनी प्रश्नावल्या वाटून जे शोधले, त्यातले बरेचसे आपल्याकडे रस्त्यावर दिसते. काही ठिकाणी तर आपला रस्ता त्यांच्या निष्कर्षांना दुरुस्तीही सुचवतो.

आधी स्वभावाकडे पाहू. आपल्याकडची समजूत पक्की आहे: बोलका, धीट, चारचौघांत मिसळणारा मुलगा भाषा लवकर शिकतो, भिडस्त मुलगा मागे राहतो. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोने विकत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवणारेही हेच विकतात. त्यांच्या पाट्यांवर व्याकरण कधी नसते, 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' हमखास असते. जणू इंग्रजी येत नाही हा व्यक्तिमत्त्वातलाच काही दोष आहे.

संशोधनाने मात्र या समजुतीची फारशी पाठराखण केलेली नाही. कॅनडात टोरोंटोच्या अभ्यासकांनी भाषा चांगली शिकणारे विद्यार्थी कसे असतात याचा मोठा शोध घेतला आणि १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. फ्रेंच शिकणाऱ्या शाळकरी मुलांना त्यांनी बहिर्मुख-अंतर्मुखतेची चाचणी दिली आणि तिचे गुण भाषेच्या गुणांशी ताडून पाहिले. दोहोंचा मेळ बसला नाही. पुढच्या अनेकांनाही बसवता आला नाही, तेव्हा अभ्यासकांनी या विषयाचा नादच सोडला. १९९९ मध्ये जाँ-मार्क डेवेल आणि एड्रियन फर्नहॅम यांनी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात बहिर्मुखतेला उपयोजित भाषाविज्ञानातला 'नावडता' घटक म्हटले आहे, ते यामुळेच. त्या दोघांचा आक्षेप असा, की आधीच्यांनी मोजले ते बहुतेक लेखी कसब. बहिर्मुखतेचा परिणाम असलाच तर तो बोलण्याच्या वेगात आणि ओघात दिसेल, व्याकरणाच्या पेपरात कसा दिसणार?

आक्षेप रास्त आहे, आणि आपली समजूत इतकी चिवट का, हेही त्यातून उलगडते. बोलका विद्यार्थी दिसतो, ऐकू येतो. त्याची चूकही आपल्याला प्रगती वाटते. कोपऱ्यात बसून शब्दकोश चाळणारा कोणाच्या नजरेत भरत नाही.

असा एक कोपऱ्यातला विद्यार्थी नागपूरपासून दीड-दोन तासांवर, पवनारला राहत होता. विनोबा भावे यांच्याइतक्या भाषा आत्मसात केलेली माणसे महाराष्ट्रात थोडीच निघतील, आणि त्यांच्याइतका एकांतप्रिय माणूसही शोधावाच लागेल. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चार दाक्षिणात्य भाषांचा अभ्यास त्यांनी चाळिसाव्या दशकात वेल्लोरच्या तुरुंगात केला. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. त्यांच्या भाषा बाजारातून आल्या नाहीत, ग्रंथांतून आल्या. वाचायला काय हवे ते आधी ठरलेले, भाषा त्यामागून आलेली. अशा शिकणाऱ्याला संभाषणाच्या वर्गात बसवले असते, तर पहिल्या आठवड्यातच 'व्यक्तिमत्त्व विकासाची गरज' असा शेरा मिळाला असता.

वर्ध्याचेच दुसरे उदाहरण गांधीजींचे. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेले गांधीजी तरुणपणी विलक्षण मुखदुर्बळ होते. लंडनमध्ये शाकाहारी मंडळींच्या सभेत लिहून आणलेले भाषणही त्यांना वाचता आले नाही, आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही. हे सगळे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. लाजाळूपणामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली, असा त्याचा फायदाही ते सांगतात. त्यांचे इंग्रजी मात्र या लाजेने अडवले नाही. अडली ती जीभ, तीही उभे राहून चारचौघांसमोर बोलताना. स्वभाव आणि भाषा यांच्यामधल्या या अंतरातच धास्ती राहते.

धास्तीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो टेक्सास विद्यापीठात. तिथे १९८३ च्या उन्हाळ्यात परभाषेच्या प्रारंभिक वर्गांतल्या विद्यार्थ्यांना विचारण्यात आले, की भाषा शिकताना आधार देणारा एखादा गट काढला तर तुम्ही याल का? २२५ जणांना विचारले, त्यांतल्या ७८ जणांनी होकार दिला. एक तृतीयांशाहून अधिक! त्या गटांत जे ऐकायला मिळाले, त्यावरून इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोआन कोप यांनी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली आणि १९८६ मध्ये 'मॉडर्न लँग्वेज जर्नल'मध्ये ती मांडली. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी ३३ आणि जास्तीत जास्त १६५. जितके गुण जास्त, तितकी धास्ती जास्त. पुढे जगभर हीच फूटपट्टी वापरली गेली.

तिघांचे मुख्य म्हणणे असे, की परभाषेच्या वर्गातली धास्ती ही सर्वसाधारण घाबरटपणाची एखादी फांदी नव्हे. ती स्वतंत्र जात आहे. एरवी आत्मविश्वासाने वावरणारा, गणितात चमकणारा माणूसही तिच्या तावडीत सापडतो. तिचे तीन सख्खे नातलग त्यांनी सांगितले: बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला काय समजतील ही भीती. या तिसरीचे बळ इतर कोणत्याही विषयापेक्षा भाषेत मोठे असते, आणि त्याचे कारण समजायला सोपे आहे. भूगोलात चुकलो तर भूगोल चुकतो. परभाषेत बोलताना मात्र आपले सगळे शहाणपण, विनोद आणि पोच त्या अपुऱ्या शब्दसंग्रहातून गाळून बाहेर पडते. चाळिशीतला विचारी माणूस इंग्रजीत बोलू लागला की ऐकणाऱ्याला तो आठ वर्षांच्या मुलासारखा वाटतो, आणि हे त्याला स्वतःलाही ऐकू येत असते.

धास्ती नेमके काय बिघडवते? परभाषेत वाक्य जुळवताना शब्द, क्रियापदाचे रूप, उच्चार आणि समोरच्याचा प्रश्न हे सारे एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावे लागते. ही जागा मुळात अपुरी. 'माझे चुकले तर', 'तो हसला का' असले विचार तिच्यात घुसले की वाक्यासाठी जागाच उरत नाही. पीटर मॅकिंटायर आणि रॉबर्ट गार्डनर यांनी हे तीन टप्प्यांत दाखवले: धास्तावलेला माणूस नीट ऐकत नाही, ऐकलेले नीट पचवत नाही आणि पचलेले वेळेवर बाहेर काढू शकत नाही. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आल्यावर जिन्यातच सगळी उत्तरे आठवतात, ती यामुळे. भाषा गेलेली नसते, वाट अडलेली असते.

या धास्तीचा निकालावर किती परिणाम होतो, याचा आकडाही आहे. यासर तैमूरी, जूलिया गेट्झ आणि ल्यूक प्लॉन्स्की यांनी २०१९ मध्ये ९७ अहवाल एकत्र करून, सुमारे वीस हजार विद्यार्थ्यांच्या आधारे, धास्ती आणि यश यांचा सरासरी सहसंबंध काढला: उणे ०.३६. धास्ती वाढते तसे यश घटते, असा उणे चिन्हाचा अर्थ. या आकड्याचा वर्ग केला तर साधारण ०.१३ येतो. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांतल्या यशाच्या फरकापैकी सुमारे तेरा टक्के फरक धास्तीशी जोडता येतो, उरलेल्या सत्त्याऐंशी टक्क्यांचा हिशेब अन्यत्र शोधावा लागतो. मानसशास्त्रात हा परिणाम लहान मानत नाहीत. तरीही 'भीती घालवा, इंग्रजी आपोआप येईल' या जाहिरातीला तो पुरत नाही.

शिवाय सहसंबंध दोन्ही बाजूंनी वाचता येतो. भीतीमुळे भाषा येत नाही, की भाषा येत नाही म्हणून भीती वाटते? रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅनशाव यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून दुसरी बाजू लावून धरली. त्यांच्या मते ज्यांची मातृभाषेतलीच ध्वनी आणि अक्षरे हाताळण्याची क्षमता कच्ची असते, त्यांना परभाषा जड जाते, आणि जड गेलेल्या विषयाची भीती कोणालाही वाटेल. हॉर्विट्झ यांची प्रश्नावली धास्ती मोजते की भाषेतले कच्चेपण, असा थेट प्रश्न त्यांनी २००७ मध्ये विचारला. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. माझ्या मते दोन्ही बाजू एकमेकींना खतपाणी घालतात. कच्चेपणातून भीती येते, भीतीमुळे माणूस बोलायचे टाळतो, आणि टाळल्याने कच्चेपण टिकते.

पण पुण्यातला तो नागपूरकर इथे आडवा येतो. त्याला मराठी येत नाही असे कोण म्हणेल? ती त्याची मायबोली आहे. तिच्यात तो भांडला आहे, प्रेमात पडला आहे. तरीही तो अडखळतो. स्पार्क्स आणि गॅनशाव यांच्या उपपत्तीत त्याला जागा नाही, कारण कच्चेपणाचा इथे संबंधच नाही. 'करून राहिला' हे रूप हिंदीच्या शेजारात घडलेले, पण नियमबद्ध रूप आहे. वऱ्हाडीतला 'काया' आणि 'डोया' यांमधला 'य' हाही नियमानेच 'ळ'च्या जागी येतो. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात, १९०५ मध्येच, या बोलींची रीतसर नोंद घेतली आहे. चूक त्याच्या बोलण्यात नसून ती ऐकणाऱ्याच्या कानात आहे. तरी गप्प तोच बसतो. धास्ती भाषेच्या ज्ञानाशिवाय, निव्वळ तोलले जाण्याच्या जाणिवेतून कशी निपजते, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

हिंदीचा दाखला याच्या नेमका उलट. मध्य प्रांताची राजधानी म्हणून १८६१ पासून नागपुरात हिंदी आणि मराठी भाषक एकाच कचेरीत, एकाच बाजारात वावरले. १९५६ मध्ये विदर्भ त्या राज्यातून बाहेर पडला, पण शेजार काही सुटला नाही. या हिंदीला परीक्षक नव्हता. ती ज्याला जशी आली तशी त्याने वापरली. डेवेल यांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर चारशेहून अधिक बहुभाषकांची पाहणी केली (२००८), तीत दिसले की ज्यांनी भाषा लहानपणी उचलली, वर्गाबाहेर वापरली आणि ज्यांना मुळात अधिक भाषा येत होत्या, त्यांची धास्ती कमी होती. नागपूरच्या हिंदीला यातल्या साऱ्या अटी लागू पडतात.

आता थोडे कटू. निर्भय हिंदीची किंमतही आपण मोजली आहे. जिथे कोणी टोकत नाही तिथे भाषा एका पायरीवर येऊन थांबते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा थिजलेल्या भाषेला जीवाश्माची उपमा दिली. नागपूरच्या कित्येक घरांत तीन पिढ्या हिंदी बोलल्या, पण तिच्यातले लिंग अजून जागेवर आलेले नाही, कारण ते न येताही काम भागते. अल्पर्ट आणि हेबर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्येच परीक्षेच्या चिंतेचे दोन प्रकार केले होते: कामाला लावणारी आणि हातपाय गाळणारी. थोडी काळजी असलेला विद्यार्थी घरी जाऊन शब्द तपासतो. म्हणून धास्ती शून्यावर आणणे हे ध्येय मला पटत नाही. फक्त पहिल्या प्रकारची दुसऱ्या प्रकारात कधी बदलते, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि शिक्षक नेमके तिथे फसतात.

स्वभाव आणि धास्ती एकमेकांना कुठे भेटतात, हे डेवेल आणि फर्नहॅम यांनी २००० मध्ये एका छोट्या प्रयोगात पाहिले. फ्रेंच शिकलेल्या २५ फ्लेमिश विद्यार्थ्यांना त्यांनी दोनदा बोलते केले, एकदा परीक्षेसारख्या औपचारिक वातावरणात आणि एकदा मोकळ्या गप्पांत. बहिर्मुखांचा ओघ सरस होता खरा, पण तो फरक विशेष उठून दिसला तो परीक्षेत. गप्पांत अंतर बरेच मिटले. पंचवीस जणांवर फार मोठा इमला उभारू नये, हे मान्य. तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. अंतर्मुख मुलाला भाषा कमी येत नाही, त्याला दडपण जास्त महाग पडते. आणि आपण त्याची भाषा नेहमी दडपणाखालीच मोजतो.

दडपण उतरवण्याचा एक उपाय अलेक्झांडर गिओरा यांनी १९७२ मध्ये प्रयोगशाळेत करून पाहिला. त्यांनी माणसांना थोडी दारू दिली आणि थाई शब्दांचे उच्चार करायला सांगितले. थोड्या मात्रेने उच्चार सुधारले, जास्त मात्रेने बिघडले. गिओरा यांचे म्हणणे, की आपल्या उच्चारात आपला अहं गुंतलेला असतो आणि तो जरा सैल झाला की जीभ परक्या ध्वनीला वळते. हा प्रयोग कोणी वर्ध्यात करू नये. तिथे १९७४ पासून दारूबंदी आहे.

उरलेल्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम बहुधा ओढीच्या नावावर पडेल. गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी १९५९ मध्ये मॉन्ट्रियलच्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांत पाहिले, की फ्रेंच लोकांविषयी आपुलकी, त्यांच्यात मिसळण्याची इच्छा हिचा फ्रेंच येण्याशी अंगच्या भाषिक क्षमतेइतकाच स्वतंत्र संबंध होता. नागपूरला याची साक्ष द्यायला मुक्तिबोध बंधू आहेत. घर मराठी, वाढ माळव्यात. थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर झाले. १९४८ ते १९५८ ही त्यांची दहा वर्षे नागपुरात गेली. धाकटे शरच्चंद्र मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक, तेही नागपुरातच प्राध्यापक. एका घरातली, एकाच दोन भाषांच्या हवेतली दोन मुले दोन भाषांची झाली. त्यामागे स्वभावाची कोणती चाचणी लावणार? ज्याला जिथले लोक आपले वाटले, तिथली भाषा त्याची झाली.

मात्र ओढीच्या गप्पा मारताना दार उघडे आहे, हे आपण गृहीत धरतो. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकरांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. जर्मनीही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी केलेले प्रदीर्घ भाषण मराठीत होते. भाषेच्या वर्गात कोणाला बसू द्यायचे, कोणाच्या उच्चाराला हसायचे, हे ज्या समाजात जातीने आणि घराने ठरत आले, तिथे धास्तीला 'स्वभाव' म्हणणे ही चलाखी आहे. टेक्सासच्या ३३ विधानांत याला जागा नव्हती. आपल्याकडे कोणी अशी प्रश्नावली केली, तर चौतिसावे विधान वडिलांच्या शिक्षणाबद्दल आणि पस्तिसावे आडनावाबद्दल घालावे लागेल.

मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून आले. त्यामागचा तर्क असा, की लवकर सुरुवात केली की भीती जाईल. लहानपणी उचललेल्या भाषेची धास्ती कमी असते, हे वर आलेच आहे. पण ती लहानपणी उचललेली भाषा वर्गाबाहेर वापरलेली असते. विदर्भातल्या खेड्यात इंग्रजी वर्गाबाहेर कोणाशी बोलायची? तिथे भीतीही पहिलीपासूनच सुरू होण्याचा धोका आहे, जर शिकवण्याची रीत तीच राहिली तर.

रीत बदलायला फार काही लागते असेही नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत घड्याळ लावून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबत होते. ते थांबणे तीन सेकंदांवर नेले, तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. हे आपल्याच भाषेत विज्ञान शिकणाऱ्या मुलांचे. इंग्रजीच्या तासाला मराठी मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा, मनात मराठीत उत्तर जुळवायचे, त्याचे इंग्रजी करायचे, क्रियापद तपासायचे आणि मागच्या बाकाकडे एकदा पाहून घ्यायचे. एका सेकंदात यातले पहिले कामही उरकत नाही, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या धीट मुलाने उत्तर देऊन टाकलेले असते.